मेडिक्लेमचा प्लॅन तुम्ही शेवटचा कधी बदललात, आणि का?

विंडो_सीट (सोमवार, सकाळी ९.१२)

कंपनी ऐरोलीला, घर भांडुपला. दरवर्षी मार्च उजाडला की एचआरची मेल येते, 'आपला आरोग्य विमा निवडा, अंतिम मुदत शुक्रवार संध्याकाळी ६'. आमच्याकडे तीन प्रकार आहेत. पहिला फुकटातला : स्वतः, बायको, मुलं, ३ लाख. दुसरा ५ लाखांचा, त्याचे वर्षाला ६,४०० पगारातून जातात. तिसरा आईवडिलांचा वेगळा, ४ लाखांचा, त्यात वीस टक्के को-पे (क्लेममधला तेवढा वाटा आपल्या खिशातून). मी गेली आठ वर्षं 'मागील वर्षाप्रमाणे' हे बटण दाबतोय. पहिला प्लॅन आणि आईसाठी तिसरा. विषय संपला.

यंदा आईच्या प्लॅनचा हप्ता २२,००० वरून ३१,००० झालाय, म्हणून मेल पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. मग जेवणाच्या टेबलावर विषय काढला. बारा जणांपैकी पाच जणांनी गेल्या दोन वर्षांत प्लॅन बदललाय. पाचांची कारणं पाच. गंमत म्हणजे 'हप्ता स्वस्त पडला म्हणून बदलला' असं त्यातला एकही म्हणाला नाही. उरलेले सात माझ्यासारखे, बटणवाले.

इथे विचारतो : तुम्ही बदलला असेल तर नेमकं काय झालं म्हणून? 'अभ्यास करून' बदलणारा कुणी खरंच असतो का?

चिंचपोकळी_स्लो (९.४०)

वाचतोय. मीही बटणवाला.

मुलुंडची_मावशी (१०.०५)

अभ्यास कसला रे, फटका बसतो तेव्हा बदलतात.

माझ्या मुलाचं सांगते. तुझ्यासारखाच ३ लाखांचा फुकटातला प्लॅन. खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आपल्या भागात बऱ्या हॉस्पिटलात ३,००० मध्ये वेगळी खोली कुठे मिळते सांग. सूनबाई म्हणाली, घेऊ ६,००० ची, चार दिवसांचे वरचे १२,००० आपण भरू. मलाही तेच वाटलं. बिल झालं अडीच लाख. आम्ही १२,००० ची तयारी ठेवून डिस्चार्जच्या काउंटरवर उभे, आणि कागद आला ९२,००० भरा म्हणून.

मी आधी मुलावरच ओरडले, की तू काहीतरी चुकीची सही केलीस.

पगारपत्रक (१०.३२)

मावशी, सही बरोबरच होती. तुमचा हिशेब इथे मांडतो, पुष्कळांच्या कामाला येईल. (मी एका कंपनीत पगार आणि बेनिफिट्स बघतो, अंधेरीला. दरवर्षी ती मेल पाठवणारा नतद्रष्ट मीच.)

खोली पात्रतेच्या दुप्पट भाड्याची घेतली की नुसतं भाडं निम्मं होत नाही. सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंग, हे सगळं खोलीच्या वर्गाप्रमाणे आकारलं जातं, म्हणून विमा कंपनी तेही त्याच प्रमाणात कापते. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना मात्र ही कात्री लागत नाही. मावशींच्या बिलात बहुधा असं असणार : खोली २४,००० पैकी १२,००० मंजूर, डॉक्टर-ओटी वगैरे १,६०,००० पैकी ८०,००० मंजूर, औषधं-तपासण्या ६६,००० पूर्ण. एकूण १,५८,०००. उरले ९२,०००.

मुलुंडची_मावशी (१०.४१)

अगदी हेच आकडे नाहीत पण बेरीज तीच! तू तिथे होतास का रे?

तर पुढच्या मार्चला मुलगा मेल आल्याच्या दिवशीच ५ लाखांच्या प्लॅनमध्ये गेला. त्यात खोलीला मर्यादा नाही. त्याआधी चार वर्षं मी सांगत होते तेव्हा 'आई, काही होत नाही'.

दोघांचा_डबा (११.२०)

आमचं कारण बाळ. लग्नानंतर दोघांच्याही ऑफिसचा विमा होता. माझ्याकडे बाळंतपणाला ५०,००० ची मर्यादा, नवऱ्याकडे ७५,०००, आणि बाळ पहिल्या दिवसापासून धरलेलं. मग मी नवऱ्याच्या वरच्या प्लॅनमध्ये डिपेंडंट म्हणून शिरले. आपली आपण पॉलिसी घेतली असती तर बाळंतपणासाठी दोन ते चार वर्षं थांबा म्हणतात. ऑफिसच्या ग्रुप विम्यात ही अट बहुतेक ठिकाणी माफ असते, हाच त्याचा मोठा फायदा.

मुलगी झाली, वर्ष सरलं, परत खालच्या प्लॅनमध्ये. कबूल करते, डिलिव्हरीपुरताच होता तो संसार.

पगारपत्रक (११.२८)

तुमच्यासारख्यांमुळेच माझे केस गेले. :)

पण थट्टा बाजूला. नियमात बसतं ते केलंत. म्हणूनच आता काही कंपन्या अट घालतात की वरचा प्लॅन घेतला तर दोन वर्षं खाली येता येणार नाही. आणि लग्न, बाळ किंवा नवी नोकरी सोडली तर वर्षाच्या मध्ये बदल करता येत नाही, तेही याचसाठी. नाहीतर लोक ऑपरेशनची तारीख घेऊन मग मोठा प्लॅन घेतील.

गिरगावचा_जावई (११.५५)

तुम्ही सगळे ऑफिसच्या तीन डब्यांत कोणता डबा बरा यावर बोलताय. गाडीच सुटली तर?

माझा चुलत मेहुणा, वय ४६, मधुमेह. अठरा वर्षं एकाच कंपनीत, स्वतःची पॉलिसी नाही, कारण 'ऑफिसचं आहे ना'. ऑक्टोबरात कपात झाली. शेवटच्या दिवशी लॅपटॉप आणि ओळखपत्र परत केलं, विम्याचं ई-कार्डही त्याच दिवशी बंद. बाहेर पॉलिसी घ्यायला गेला तर हप्ता चढा आणि मधुमेहासाठी तीन वर्षांची प्रतीक्षा. म्हणून म्हणतो, ऑफिसचा विमा हा बोनस धरा. स्वतःची पॉलिसी तिशीत काढा, धडधाकट असताना.

चिंचपोकळी_स्लो (१२.०२)

+१

विमा_मित्र (१२.१५)

सर्वांना नमस्कार. सर्वोत्तम पॉलिसीसाठी मला निरोप करा. सर्व आजार पहिल्या दिवसापासून, शंभर टक्के क्लेम गॅरंटी.

मुलुंडची_मावशी (१२.१९)

आला बघा. शंभर टक्के गॅरंटी तर सत्यनारायणाचीही नसते.

पगारपत्रक (१२.५०)

जावईबापूंशी बऱ्याच अंशी सहमत, फक्त दोन गोष्टींची भर. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षेच्या काळात वजा होतात. कंपनी तब्येत तपासून मग ठरवते, हे खरं, पण अर्ज तरी करावा. नोकरी सोडणारे दहापैकी नऊ जण माझ्याकडे पीएफबद्दल विचारतात, याबद्दल कुणीच नाही. आणि तुमच्या मेहुण्यांना तीन वर्षं सांगितली ती कमाल मर्यादा आहे. एप्रिल २०२४ च्या आधी जुन्या आजारासाठी चार वर्षांपर्यंत थांबवता येत असे, ती आता ३६ महिन्यांवर आणली आहे. तसंच सलग ६० महिने हप्ते भरले की 'तुम्ही आजार लपवला' म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पूर्वी यासाठी आठ वर्षं लागत.

कामगार_वसाहत (दुपारी २.१०)

तुम्ही लोक प्लॅन निवडता. आमच्यासारख्यांना प्लॅन बदलायला लावतात, तेही कारण धरा.

मरोळ एमआयडीसीत काम करतो. पगार २०,४०० आहे, म्हणून ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विमा) आहे. पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. वडिलांचं डायलिसिस त्यातून चालू आहे. आठवड्यातून दोनदा, आणि खिशातून काही नाही. वडिलांचं स्वतःचं उत्पन्न महिना ९,००० च्या आत आहे म्हणून ते माझ्यावर अवलंबून धरले जातात. कामगार विम्यात 'दोन लाख संपले, आता तुमचं तुम्ही बघा' असा प्रकार नाही, उपचाराला रकमेची वरची हद्दच नाही.

आता मे महिन्यात २२,५०० होणार म्हणतात. २१,००० च्या वर गेलं की ईएसआय बंद, त्याऐवजी कंपनी २ लाखांचा मेडिक्लेम देणार, तोही फक्त मी, बायको, मुलगा. वडील बाहेर. सगळे अभिनंदन करताहेत आणि मी सुपरवायझरला विचारतोय की वाढ पुढच्या वर्षी द्याल का. तो म्हणाला, येडा आहेस का.

विंडो_सीट (२.३०)

बाप रे. हे डोक्यातच नव्हतं.

पगारपत्रक (२.४४)

कामगार_वसाहत, नीट वाचा, हे महत्त्वाचं आहे. वाढ मे महिन्यात मिळाली म्हणून मे महिन्यात विमा बंद होत नाही. वर्गणीचे दोन काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळाच्या सुरुवातीला तुम्ही २१,००० च्या आत असाल तर मध्येच पगार वाढला तरी तो काळ संपेपर्यंत वर्गणी कापलीच पाहिजे, वाढलेल्या पगारावर. म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत तुम्ही आत. आणि एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर जो लाभाचा काळ मिळतो तो पुढच्या जानेवारी ते जूनचा. मात्र वाढ १ एप्रिलपासून मागच्या तारखेने लागू केली तर गणित बिघडतं, तेव्हा पत्रावरची तारीख बघून घ्या. अकाउंट्सवाले घाईघाईत मे महिन्यातच नाव काढून टाकतात, तसं करू देऊ नका.

वाढ नाकारू नका. पण हातात वर्षभराचा अवधी आहे हे धरून वडिलांची पुढची सोय शोधा.

कामगार_वसाहत (३.०५)

दादा, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पत्र अजून हातात आलेलं नाही. उद्याच अकाउंट्सला विचारतो तारीख कुठली टाकणार ते.

खोपोली_लास्ट (३.४०)

माझं कारण क्षुल्लक वाटेल. हॉस्पिटल.

राहतो बदलापूरला. ऑफिसने टीपीए (क्लेम हाताळणारी मधली कंपनी) बदलला आणि नवीन यादीत आमच्या बाजूची दोन हॉस्पिटलं गळाली. वरच्या प्लॅनच्या यादीत ती होती. तर मी केवळ त्यासाठी वरचा घेतला. एचआरची पोरगी म्हणाली, 'सर, यादीत वांद्र्याचं फार मोठं हॉस्पिटल आहे.' अगं बाई, रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर मी बदलापूरहून वांद्र्याला जाऊ? शेवटची गाडी कधीच गेलेली असते.

विम्याची यादी बघताना मी हॉस्पिटलाचं नाव बघतच नाही, स्टेशन बघतो. पश्चिमवाल्यांना हे कळायचं नाही.

दोघांचा_डबा (३.५२)

पश्चिमवाल्यांनाही विरारला हाच प्रश्न आहे हो!

गिरगावचा_जावई (४.०१)

जानेवारी २०२४ पासून यादीत नसलेल्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं ना? ठरलेलं ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कळवायचं, तातडीचं असेल तर दाखल झाल्यावर ४८ तासांत.

खोपोली_लास्ट (४.१५)

मागता येतं. हॉस्पिटलने हो म्हणायला हवं ना. आमच्याकडच्या काउंटरवर मी विचारलं तर म्हणाले, आधी अनामत भरा, मग बघू. कागदावर सोय आहे, त्याबद्दल वाद नाही.

पगारपत्रक (संध्याकाळी ६.२०)

आता मूळ प्रश्नाकडे. विंडो_सीट, तुमच्या आईच्या प्लॅनचा हप्ता २२ वरून ३१ का झाला, ते सांगतो. कुणी फारसं सांगत नाही, कारण सांगायला अवघड आहे.

आईवडिलांचा प्लॅन ऐच्छिक असतो आणि हप्ता कर्मचारी स्वतः भरतो. पहिल्या वर्षी सगळे घेतात. ज्यांचे आईवडील ठणठणीत आहेत ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी म्हणतात, कशाला एवढे भरायचे. ते जातात. मागे राहतात ते मोतीबिंदू, गुडघे, अँजिओप्लास्टीवाले. गोळा झालेल्या हप्त्यापेक्षा क्लेम जास्त, म्हणून विमा कंपनी पुढच्या वर्षी हप्ता वाढवते. वाढला की आणखी काही धडधाकट गळतात. परत वाढतो. मी स्वतः एक प्लॅन असा तीन वर्षांत मरताना पाहिला आहे. शेवटी त्यात अकरा कुटुंबं उरली होती आणि हप्ता एवढा होता की तो आकडा मेलमध्ये टाइप करताना मलाच लाज वाटली.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९९५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या विम्यात असा बदल केला की विद्यापीठ सगळ्या प्लॅनना सारखीच रक्कम देणार, महागड्या प्लॅनचा वरचा खर्च ज्याचा त्याने भरायचा. वाटतं ना रास्त? तरुण आणि निरोगी मंडळी महागड्या प्लॅनमधून उठून स्वस्तात गेली, तिथे आजारी उरले, हप्ता भडकला, आणि दोन-तीन वर्षांत तो चांगला प्लॅन बंदच करावा लागला. कटलर आणि रेबर या अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये त्याचा सगळा हिशेब मांडला.

आणि तुमच्या बटणाचीही गोष्ट हार्वर्डचीच आहे. सॅम्युएलसन आणि झेकहाउझर या दोघांनी १९८८ मध्ये दाखवलं की नव्याने आलेला विमा प्लॅन नवीन रुजू झालेले कर्मचारी जितके घेतात तितके जुने घेत नाहीत. वय सारखं असलं तरी. जुन्यांना तोच प्लॅन वाईट वाटतो असं नाही, ते जिथे बसलेत तिथून उठत नाहीत एवढंच. विंडो सीट पकडलेला माणूस कशाला उठेल?

विंडो_सीट (६.४१)

हे वैयक्तिक होतं. :)

म्हणजे मी आईला यंदा काढलं तर उरलेल्यांचा हप्ता वाढवण्यात माझाही हात?

पगारपत्रक (६.४८)

हो. पण तुम्ही समाजसेवा म्हणून ३१,००० भरावेत असं मी म्हणणार नाही. मीही माझ्या आईवडिलांना आमच्याच प्लॅनमधून काढलंय आणि बाहेर पॉलिसी घेतली आहे. मेल मात्र इमानेइतबारे पाठवतो.

गिरगावचा_जावई (रात्री ८.१०)

यात आता कराचाही भाग आला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराची मिळून एक) पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, ऑफिसच्या ग्रुप विम्यावर तो कायम आहे. तुमच्या ३१,००० मध्ये जीएसटी धरला आहे का ते एचआरला विचारा. उलट बाजूला, आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची ८०डी ची आयकर वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. ऑफिसात अर्धे लोक नवीन प्रणालीत गेलेत आणि तरीही 'टॅक्स वाचवायला पॉलिसी' घेतात.

दोघांचा_डबा (८.३०)

विंडो_सीट, आईचं वय काय? काही आजार? हे न सांगता सगळे सल्ला देताहेत.

विंडो_सीट (८.५५)

६७. रक्तदाब आहे, गोळी चालू. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डॉक्टर म्हणाले पावसाळ्यानंतर करू. डावा अजून ठीक.

मुलुंडची_मावशी (९.०२)

मग तू यंदा हलतोस कशाला! बाहेर नवीन पॉलिसी घेतलीस तर मोतीबिंदूला दोन वर्षं थांब म्हणतील. ऑफिसवाल्यात लगेच होईल.

पगारपत्रक (९.१०)

मावशींनी एका ओळीत सांगितलं. फक्त ऑफिसच्या प्लॅनमध्ये मोतीबिंदूला एका डोळ्यामागे किती मर्यादा आहे ते पाहा, आणि वीस टक्के को-पे त्यावर लागतो. मर्यादा ३०,००० असेल तर हाती २४,००० येतील. बिल ५०,००० झालं तर २६,००० तुमचे. म्हणजे ३१,००० भरून २४,००० मिळवण्यासारखं होईल, जर वर्षभरात दुसरं काहीच झालं नाही तर. पण ६७ व्या वर्षी 'दुसरं काहीच झालं नाही तर' यावर पैज लावायची का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आणि ऑफिसचा ठेवूनच बाहेरची पॉलिसीही आजच सुरू करता येते. पासष्टीनंतरही ज्येष्ठांसाठी पॉलिसी मिळतात. प्रतीक्षेची घड्याळं चालू होतात. दोन-तीन वर्षांनी ऑफिसचा सोडायचा. दोन पॉलिसी असल्या तर क्लेम कुठे करायचा ते तुम्ही निवडायचं, उरलेली रक्कम दुसरीकडे मागायची. दुहेरी खर्च आहे, नाही म्हणत नाही.

खोपोली_लास्ट (९.३५)

दुहेरी हप्ता भरणारा माणूस बदलापूरला राहत नाही.

चिंचपोकळी_स्लो (९.५०)

मी आत्ता उघडून बघितलं. माझ्या प्लॅनमध्ये अजून वडिलांचं नाव आहे. ते जाऊन तीन वर्षं झाली. तीन वर्षं हप्ता जातोय.

मुलुंडची_मावशी (९.५३)

अरे देवा.

पगारपत्रक (९.५८)

उद्या सकाळी एचआरला मृत्यूच्या दाखल्यासकट मेल टाका. चालू वर्षाचं काही परत मिळेल कदाचित, मागचं अवघड दिसतं. वाईट वाटलं.

विंडो_सीट (मंगळवार, सकाळी ८.२५, गाडीतून)

रात्री बायकोशी बोललो. आई यंदा ऑफिसच्याच प्लॅनमध्ये, डोळ्याचं होईपर्यंत. स्वतःसाठी पहिल्यावरून दुसऱ्या प्लॅनमध्ये, कारण मावशींचे ९२,००० रात्रभर डोळ्यांसमोर होते. बाहेरच्या पॉलिसीचं बघू, दिवाळीच्या बोनसनंतर.

माझंही कारण शेवटी दुसऱ्याच्या बिलातूनच आलं, अभ्यासातून नाही.

आता पोर्टलवर आईचं नाव भरताना लाल रेघ येतेय. आधारवर सासरचं नाव, कंपनीच्या नोंदीत आठ वर्षांपूर्वी मी माहेरचं टाकलेलं. पुढे जाऊच देत नाही. कुणाला काही युक्ती?

पगारपत्रक (८.४०)

युक्ती नको, दुरुस्ती करून घ्या. ऐन डिस्चार्जच्या वेळी नावावरून क्लेम अडकतो. एचआरला आधारची प्रत आणि विवाह नोंदणीचा दाखला पाठवा, आजच. शुक्रवारी दुपारनंतर आमच्या इनबॉक्सची अवस्था दादरच्या पुलासारखी असते.

विंडो_सीट (८.४४)

विवाह नोंदणीचा दाखला? १९८१ चं लग्न आहे हो, गावच्या देवळातलं.

मुलुंडची_मावशी (८.५१)

राजपत्रात नाव बदललं होतं का विचार आईला. नसेल तर स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र कर, दोन्ही नावं एकाच बाईची म्हणून. माझं तसंच केलं होतं, भांडुप स्टेशनबाहेरच करून देतात, नोटरीचा शिक्का तेवढा नीट बघून घे.